दोन फूट फळीवरचं फाटक

(भुसावळ इथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरात कोणी ना कोणी रेल्वेत असणार, त्यामुळे रेल्वे म्हणजे काय हे मी भुसावळात सांगायला आलेली नाही. मी पाचोऱ्याची. माझे वडील पाचोरा-जामनेर लाइनीवर गँगमन होते. मी शाळेत चित्रकला शिकवली, आणि नोकरीची शेवटची बारा वर्षं रात्रीची जेवणं आटोपली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर छोट्या रेल्वेचे, म्हणजे मॉडेल रेल्वेचे, देखावे करत बसले. आज त्याबद्दल बोलायचं आहे.

देखावा हा शब्द मी मुद्दाम वापरते. गणपतीत मंडळाचा देखावा बघायला आपण रांगा लावतो. समोर गेल्यावर मूल आईला पहिलं काय विचारतं? ‘हे काय चाललंय?’ आई सांगते, हा अमका, तो तमका, आणि आता असं होणार आहे. मूल दोन मिनिटं तिथेच खिळतं. छोट्या रेल्वेत आपण बहुतेक वेळा इंजिनाला जपतो आणि हा प्रश्न विसरतो. गाडी गोल फिरते, बघणारा तीन फेऱ्या बघतो आणि चहा प्यायला जातो.

माझी पहिली मांडणी तशीच होती. प्लायवर अंडाकृती रूळ, आणि परदेशी संचातून जोडलेली घरं. उतरती छपरं, एक चर्च, फरची झाडं. काम स्वच्छ होतं, मेहनतही पुष्कळ घेतली होती. धुळ्याहून माझी आतेबहीण आली, तिने वाकून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “हाई कोनतं गाव शे?” मला उत्तर देता आलं नाही. ती गेल्यावर मी एकेक घर उचकटून डब्यात भरलं. ज्या गावात मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं, तिथे कोण कुठे उभं राहतं, दुपारी सावली कुठे पडते, हे मला कुठून कळणार होतं?

मग माझं गाव करायचं ठरलं, आणि तिथे मोजमापांनी मला मोठी साथ दिली. हे जरा सावकाश सांगते, कारण आपल्याकडे सुरुवात करणारा इथेच अडतो. सगळ्यात जास्त सामान ज्या प्रमाणात मिळतं ते एचओ, म्हणजे १:८७, खऱ्यापेक्षा ८७ पट लहान. त्याच्या रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. त्याला ८७ ने गुणलं की १४३५ मिलिमीटर येतं, म्हणजे युरोप-अमेरिकेतला रूळ. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. त्याला एचओमध्ये सव्वाएकोणीस मिलिमीटर लागतात. म्हणून बाजारच्या रुळावर आपलं ब्रॉडगेजचं इंजिन ठेवलं की ते पाय जवळ घेऊन उभं राहिल्यासारखं दिसतं. पाचोरा-जामनेर मात्र नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची, ७६२ मिलिमीटरची. भागिले ८७, उत्तर ८.७६. आणि एन नावाच्या लहान प्रमाणाचा तयार रूळ मिळतो तो ९ मिलिमीटरचा. पाव मिलिमीटरचा फरक! दुनियेभरातल्या नॅरोगेजवाल्यांना ही युक्ती माहीत आहे, पण मी ती वहीच्या मागच्या पानावर स्वतः मांडली आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या लाइनीवर वडिलांनी उन्हापावसात हातोडा मारला, तिच्यासाठी तयार रूळ दुकानात होता.

प्रमाण ठरलं, आता जागा. आपल्याकडच्या माणसाला पहिल्यांदा भुसावळचं यार्ड करावंसं वाटतं. करू नका. चोवीस डब्यांची एक गाडी १:८७ मध्ये साडेसहा मीटर होते, आणि यार्ड अजून सुरूही झालेलं नसतं. बरं, केळीची बाग? एक एकर १:८७ मध्ये अर्ध्या चौरस मीटरहून थोडं जास्त, म्हणजे बऱ्यापैकी मोठं टेबल. पण पाच बाय पाच फुटांवर लागवड धरली तर त्या एका एकरात सतराशेच्या वर झाडं, प्रत्येक झाड इंचभर उंच, प्रत्येकाला आठ-दहा पानं. मी कागदाची चाळीस केली आणि बोटं आखडली. तेव्हा कळलं की बाग करायचीच नाही, बागेचा कोपरा करायचा. पुढच्या दोन ओळी नीट करायच्या, मागे हिरवा अंधार ठेवायचा. उरलेला एकर बघणारा स्वतः लावतो. रावेर-सावद्याच्या माणसाला तर तो डोळे मिटूनही लावता येतो.

आता माझ्या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. या खेळात गाडी खरीखुरी हलते आणि माणसं हलत नाहीत. तुम्ही धावणारा पोरगा केलात, डोक्यावर पाटी चढवणारी बाई केलीत, तर पहिल्या क्षणाला छान वाटतं. गाडी दुसऱ्यांदा येते, पोरगा अजून एका पायावरच. तिसऱ्यांदा येते, पाटी अजून हवेतच. डोळ्याला ते खुपायला लागतं. म्हणून असा क्षण शोधायचा, ज्यात माणूस मुळातच थांबलेला आहे. आणि रेल्वेवर सगळं गाव थांबतं ते फाटकात. बैलगाडी थांबते, सायकलवाला एक पाय टेकवून थांबतो, शाळेची पोरं थांबतात, बकऱ्या तेवढ्या थांबत नाहीत. गाडी दहा वेळा गेली तरी त्यांचं थांबणं खरंच वाटतं. मी दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद फळी घेतली आणि तिच्यावर आमच्या लाइनीवरचं एक फाटक केलं. हंगाम कापूस वेचणीचा. कपाशीने भरलेली एक बैलगाडी फाटकाशी उभी.

जमीन कशी केली ते सांगते, कारण सगळ्यात जास्त तेच विचारतात. माती आपल्याच शेतातली घ्या. आधी वाळवा, कुटा, गव्हाच्या पिठाच्या चाळणीतून आणि मग जुन्या ओढणीतून गाळा. त्यानंतर पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक तिच्यातून दोन-तीनदा फिरवा. आपली काळी माती बसाल्ट झिजून झालेली, तिच्यात लोखंडाचे कण असतात. चुंबकाला काळी मिशी फुटलेली दिसेल. हे कण राहिले तर इंजिनाच्या मोटारीतल्या चुंबकाला जाऊन चिकटतात आणि इंजिन बिघडतं. माझं एक गेलं, म्हणून इतक्या कळकळीने सांगते. दुसरं म्हणजे रंग. शेतात ती माती जेवढी काळी दिसते, तेवढी फळीवर ठेवली तर डांबरासारखी दिसते. लांबून बघताना मध्ये हवा असते, धूळ असते, रंग फिका होतो. खोलीत ती हवा नाही. म्हणून चौथा हिस्सा चुलीची चाळलेली राख मिसळा.

आणि भेगा! उन्हाळ्यातल्या रानाच्या भेगा ब्रशने काढू नका, खोट्या दिसतात. माती पाण्यात कालवून, फेव्हिकॉल अगदी थेंबभर घालून, दीड-दोन मिलिमीटरचा थर द्या आणि सावलीत वाळू द्या. माती स्वतःच भेगाळते. थर जितका पातळ तितक्या भेगा बारीक आणि जवळजवळ. शेतात जे होतं तेच टेबलावर होतं, फक्त लहान. सकाळी उठून ते पाहिलं तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना हाक मारली. वाळल्यावर पातळ फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडून ते पक्कं करायचं. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, नाहीतर ते मातीवर मोत्यासारखं गोळा होऊन बसतं.

खडीचं गणित सोपं. खरी खडी साधारण ५० मिलिमीटरची, म्हणजे फळीवर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. क्रशरवरची भुकटी चाळून घ्या. रवा वापरू नका. आकार अगदी नेमका असतो, पण पहिल्या पावसाळ्यात मुंग्या सगळी लाइन उचलून नेतात.

माणसं जेमतेम १९ मिलिमीटरची. बाजारात मिळतात ती कोट-हॅटवाली. हॅटची कड कापली आणि पांढरा रंग दिला की टोपी होते. साडीसाठी टिश्यू पेपरची पट्टी फेव्हिकॉलच्या पाण्यात भिजवून गुंडाळायची. पदर शेवटी. कपाशीसाठी खरा कापूस चालेल, पण त्याचा धागा या प्रमाणात दोरखंडाएवढा लांब होतो, म्हणून कात्रीने अगदी पीठ करायचा.

प्रकाश एकाच बाजूने, एकाच दिव्याचा. दोन ट्यूब लावल्या की प्रत्येक बैलाला दोन सावल्या. आणि दिवा पांढरा घ्या. पिवळट दिव्याखाली आपलं रान आपलं राहत नाही.

इथवर सगळं घरात होतं. खरी गोष्ट पुढे आहे. फळी अर्धवट असताना, फाटकाचा दांडा अजून रंगवलेला नसताना, मी ती रिक्षात घालून जामनेरला नात्यातल्या एका लग्नघरी नेली. ओसरीवर ठेवली. एक म्हातारे गृहस्थ, तेही लाइनीवर काम केलेले, चष्मा पुसून वाकले. म्हणाले, “बाई, तुझा गाडीवान मरणार.” मी दचकले. मी गाडीवान गाडीवर बसवला होता, कासरा हातात. ते म्हणाले, गाडी यायची वेळ झाली की गाडीवान खाली उतरायचा आणि बैलांच्या तोंडापुढे उभा राहायचा. वेसण धरून, पाठ रुळाकडे करून. इंजिनाची शिट्टी झाली की बैल बुजतात. भरल्या गाडीसकट फाटक तोडून जातील.

पाठ रुळाकडे! मी इतके दिवस सगळ्यांची तोंडं गाडीकडे केली होती, कारण माझ्या मते सगळे गाडीच बघणार. ज्याचे बैल आहेत तो बैलांचे डोळे बघतो. घरी येऊन मी गाडीवान काढला आणि नवा केला. जेमतेम दोन सेंटीमीटरचा तो माणूस वळला आणि पूर्ण फळीला जीव आला. आता जो बघतो तो विचारतो, हा असा उलटा का उभा? मग मी सांगते, किंवा शेजारचा कोणीतरी सांगतो, आणि दोघं बोलायला लागतात.

म्हणून माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं आहे की देखावा पुरा व्हायच्या आत दाखवा. आपण चकचकीत झाल्यावरच दाखवतो, आणि मग लोक फक्त ‘छान’ म्हणतात. ओल्या फळीवर लोक बोट ठेवतात. त्याच ओसरीवर एका बाईने सांगितलं की फाटक बंद झालं की ती शेंगांची टोपली घेऊन पळत यायची. ती टोपली मी घेतली. एकाने मारुतीचं देऊळ घालायला सांगितलं, ते नाही घातलं. त्या फाटकाशी देऊळ नव्हतं. सगळ्यांचं ऐकायचं, पण फळीवर जे त्या जागचं आहे तेच राहील.

आणि कृती लपवू नका. कोणी विचारलं तर चाळणीच्या जाळीपर्यंत सांगा. मला एका अनुभवी माणसाने झाडाच्या फांद्या कशा केल्या ते सांगायला नकार दिला होता. मी दोन वर्षं चुकीच्या तारेशी झगडले. ती दोन वर्षं दुसऱ्या कोणाची जाऊ नयेत.

गाव वाटून घेण्याचा आणखी एक रस्ता आहे. तो परदेशात पन्नासेक वर्षांपासून चालतो. प्रत्येकाने आपली फळी करायची. फक्त कडेला रूळ किती उंचीवर आणि काठापासून किती अंतरावर, एवढंच सगळ्यांनी ठरवायचं. अमेरिकेतल्या एन-ट्रॅक आणि युरोपातल्या फ्रेमो या रीती याच. टी-ट्रॅकमध्ये तर फळी जेमतेम फूटभर, टेबलावर ठेवायची आणि शेजाऱ्याच्या फळीला जोडायची. विचार करा, कोणी शेंदुर्णीचा बाजार करतोय, कोणी पहूरला एसटीची वाट बघणारी माणसं, कोणी धाब्याच्या घरावर वाळत घातलेल्या मिरच्या. वर्षातून एकदा फळ्या जोडायच्या आणि पाचोऱ्याहून सुटलेली गाडी संध्याकाळी जामनेरला पोचवायची.

हे आता का करायचं? ५६ किलोमीटरची ती लाइन शंभर वर्षं चालली आणि २०२० मध्ये कोरोनात थांबली ती थांबलीच. तिथे ब्रॉडगेज होणार आहे. व्हायलाच हवं. ज्याला दवाखाना गाठायचा आहे त्याला वेगाची गाडी मिळायला हवी. पण गाडीवान पाठ करून का उभा राहायचा हे माहीत असलेली माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. इंग्लंडमध्ये पेन्डन म्हणून एक संग्रहालय आहे, १९५४ साली सुरू झालेलं. रॉय इंग्लंड नावाच्या माणसाने डोळ्यांदेखत बदलणारी गवती छपरांची खेडी पाहिली आणि ती तशीच्या तशी लहान करून ठेवायचं काम हाती घेतलं. घरं मोजून, फोटो काढून. ते काम त्याच्यानंतरही चालू राहिलं. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. तिथे मुलांना जरूर न्या.

फोटोही काढून ठेवा. जॉन अॅलन नावाचा अमेरिकन कलावंत होता. त्याची एचओ मांडणी तिच्यातल्या डोंगरदऱ्यांसाठी गाजलेली. जानेवारी १९७३ मध्ये तो गेला आणि काही दिवसांतच घराला आग लागून सगळं जळालं. आज जे उरलं आहे ते मुख्यतः त्याने काढलेल्या फोटोंमुळे. आपल्याकडे तर प्रत्येकाच्या हातात फोन आहे. एक युक्ती सांगते. फोन उलटा धरा, कॅमेरा खाली येऊ द्या आणि तो जमिनीलगत ठेवा. दीड-दोन सेंटीमीटर उंचीवरून पाहिलं की आपण त्या माणसाच्या डोळ्यांनी बघतो. वरून काढलेला फोटो घारीचा असतो.

माझी फळी मागच्या टेबलावर ठेवली आहे. मुलांसाठी स्टूल आहे, त्यांना पुढे येऊ द्या. गेटमनच्या खोलीचं दार मी अजून रंगवलेलं नाही. मला ते हिरवं आठवतं, माझा भाऊ निळं म्हणतो. इथे जामनेर-पहूरकडचं कोणी असेल तर जाण्याआधी मला भेटा. दोन्ही रंगांच्या बाटल्या आणि बारीक ब्रश मी पिशवीत आणले आहेत.