मिहानपासून दहा मिनिटं

(वर्धा रोड, जामठ्याच्या पुढे. कॅमेरा रस्त्यावरून आत वळतो.)

जामठा ओलांडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगाला लेआउट लागतात. काळ्या मातीत चुन्याच्या रेघा, कोपऱ्यावर नंबर टाकलेले सिमेंटचे खांब, आणि दर्शनी कमान एखाद्या किल्ल्याला शोभेल अशी. शेजारच्या वावरात पऱ्हाटी अजून उभी आहे. फलकावर लिहिलंय: मिहानपासून दहा मिनिटं. मिहान म्हणजे नागपूर विमानतळालगतचा मालवाहतूक आणि उद्योगांचा सरकारी प्रकल्प. गेल्या वीस वर्षांत अर्ध्या नागपूरने ही दहा मिनिटं विकत घेतली म्हणा ना!

मिहानसाठी विमानतळ विकास कंपनी 2002 मध्ये स्थापन झाली. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही या गावांच्या जमिनी प्रकल्पात गेल्या. मग 2005 चा सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रांचा, कायदा आला आणि मिहानमध्येही सेझ झाला. या हद्दीत कारखाना किंवा आयटी कंपनी काढा, निर्यातीच्या नफ्यावर पहिली 5 वर्षं प्राप्तिकर माफ, पुढची 5 वर्षं निम्मा. त्यानंतरची 5 वर्षं नफा पुन्हा धंद्यात घातला तर थोडी सूट. 2011 मध्ये सेझमधल्या कंपन्यांनाही 18.5 टक्के किमान पर्यायी कर (सवलत असली तरी नफ्यावर भरावाच लागणारा) लागू झाला आणि या सवलतीची निम्मी चव गेली. नव्या युनिटांसाठी तर 2020 नंतर ती बंदच झाली. कोविडमुळे काहींना थोडी मुदत मिळाली, एवढंच.

आता बघा, सवलत आहे नफ्यावर. शिवणगावच्या कापूसवाल्याला शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर तसाही नव्हता. मग त्याच्यापर्यंत ती पोचणार कशी? एक तर नोकरीतून, नाही तर जमिनीतून.

नोकऱ्या आल्या. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आल्या. पोरांना पुण्याची गाडी न धरता काम मिळालं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या पदवीवाल्यांच्या. बाकीच्यांना गेटवरची, झाडलोटीची, कँटीनची कामं.

जमिनीची गोष्ट जास्त बोलकी आहे. कुंपणाच्या आतल्या एकराला संपादनाचा भाव, बाहेरच्या एकराला बाजारभाव. माती तीच, विहिरीचं पाणीही तेच. ज्याचं वावर नकाशातल्या रेषेच्या दोन हात पलीकडे, त्याने लेआउटवाल्याशी बसून सौदा केला. ज्याचं अलीकडे, तो वाढीव मोबदल्यासाठी खेटे घालत राहिला. आणि जो दोघांच्याही वावरात मजुरीला जायचा, त्याचं नाव ना सातबाऱ्यावर, ना मोबदल्याच्या यादीत.

(बेसा. बांधकामावरची क्रेन.)

मिहानमधला पगारदार बेसा, बेलतरोडी, मनीषनगरात फ्लॅट घेतो. लेआउटमधले प्लॉट मात्र बहुतेक गुंतवणुकीचे. घेणारा आधी विचारतो, ‘आरएल आहे का? एनए-टीपी झालंय?’ म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र आहे का, आणि बिगरशेती व नगररचनेची मंजुरी मिळाली का. घर कधी बांधणार, हा प्रश्न सहसा निघतच नाही. घरांसाठी करसवलत वेगळी आहे: 2019 पासून 45 लाखांपर्यंतच्या, नागपुरासारख्या शहरात 90 चौरस मीटर चटईक्षेत्रापर्यंतच्या, बांधकाम चालू असलेल्या घराला फक्त 1 टक्का जीएसटी. कायद्याच्या लेखी हे परवडणारं घर. कोणाला परवडतं, ते त्याच कंपनीत लादी पुसणाऱ्या बाईला विचारा.

अमेरिकेतही 2017 च्या करकायद्याने 8,764 ठिकाणं ‘ऑपॉर्च्युनिटी झोन’ ठरवली, बहुतेक गरीब वस्त्यांची. तिथे भांडवली नफा गुंतवला की कर कमी. पैसा गेला तो बराचसा इमारतींत, तोही थोड्याच वस्त्यांत.

सेझमधल्या युनिटकडून कायदा काय मागतो? 5 वर्षांत आणलेलं परकीय चलन बाहेर गेलेल्यापेक्षा जास्त हवं. आजूबाजूच्या गावातले किती जण कामाला घेतले, याची अट त्यात नाही. राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत आहे. ती 1964 पासूनची; तालुका जितका मागास, तितकी सवलत मोठी, आणि 80 टक्के कामगार स्थानिक हवेत. फक्त स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात किमान 15 वर्षं राहिलेला. त्या हिशेबाने चिंचवडचा पोरगा खापरीत स्थानिकच.