शंभर पिक्सेलचा नाताळतारा

(दृश्य: पडवीत टांगलेला तारा, टोकं एकामागून एक उजळतात)

डिसेंबर लागला की वसईच्या किनारपट्टीतल्या गावांत दारोदारी तारे चढतात. कामट्यांचा सांगाडा, त्यावर रंगीत कागद आणि आत एक बल्ब. या ताऱ्याचा सांगाडाही कामट्यांचाच आहे. बल्बच्या जागी मात्र शंभर पिक्सेल, म्हणजे छोटे दिवे आहेत आणि प्रत्येकाचा रंग वेगळा ठरवता येतो.

(दृश्य: तळहातावर एक पिक्सेल, अगदी जवळून)

हा 12 मिलिमीटरचा बुलेट पिक्सेल. आत लाल, हिरवा, निळा एलईडी आणि डब्ल्यूएस 2811 चिप. आलेल्या माहितीतले पहिले 24 बिट चिप स्वतःकडे ठेवते, बाकीचे पुढच्याकडे ढकलते. म्हणून माळेला दिशा असते. उलटी जोडली तर ढिम्म पेटत नाही. वायरच्या रंगांवर विसंबू नका, ते कारखान्यागणिक बदलतात. आतल्या पट्टीवरचा बाण बघून घ्या.

(दृश्य: सनबोर्डला भोकं पाडणारे हात)

ताऱ्याच्या दहा कडा, प्रत्येक कडेवर दहा पिक्सेल, 5 सेंटिमीटर अंतरानं. तारा टोकापासून टोकापर्यंत सुमारे 1.3 मीटर भरतो. 3 मिलिमीटरच्या सनबोर्डला 12 मिलिमीटरचं भोक पाडलं की पिक्सेल घट्ट बसतो, डिंक लागत नाही.

(दृश्य: पांढऱ्यावर लावलेला तारा, माळेचं शेवटचं टोक तांबूस)

हे टोक बघा. कंट्रोलरवर, म्हणजे रंग ठरवणाऱ्या बोर्डावर, रंग पांढराच आहे. माळेची वायर बारीक, त्यामुळे पुढे जाता जाता व्होल्टेज पडतं. निळ्या-हिरव्या एलईडीला साधारण 3 व्होल्ट लागतात, लाल 2 व्होल्टवर भागवतो. मग शेवटी लालच तेवढा टिकतो. लोक पिक्सेल खराब म्हणून बदलतात आणि नवेही तांबूसच दिसतात. उपाय म्हणजे पॉवर सप्लायपासून जाड वायरची वेगळी जोडी ओढून पन्नासाव्या पिक्सेलनंतर आणि शेवटी पुन्हा वीज द्यायची.

हिशोब सोपा आहे. पूर्ण पांढऱ्यावर एक पिक्सेल 60 मिलिअँपिअर घेतो, शंभर मिळून 6 अँपिअर. त्यासाठी 5 व्होल्ट, 10 अँपिअरचा सप्लाय घ्या. काठोकाठ घेतलात तर तो तापतो. पैसे वाचवायचेच असतील तर पिक्सेल कमी घ्या, पण सप्लाय आणि वायरमध्ये कंजुषी नको. या सप्लायच्या उघड्या टर्मिनलवर 230 व्होल्ट असतात. तो झाकणाच्या डब्यात बसवा आणि अर्थिंग जोडाच.

(दृश्य: डब्यातलं ईएसपी 32, छोटी चिप, सोल्डरिंग)

कंट्रोलर म्हणजे हे ईएसपी 32. त्याचा सिग्नल 3.3 व्होल्टचा, पिक्सेलला मात्र किमान 3.5 हवेत. कधी चालतं, कधी तारा वेड्यासारखा लुकलुकतो. मध्ये सिग्नल 5 व्होल्टवर नेणारी 74एएचसीटी125 चिप घाला, पुढे 330 ओहमचा रेझिस्टर. ईएसपीला वेगळा चार्जर लावलात तर दोन्हींचे ग्राउंड (ऋण वायर) जोडा. निम्मी लुकलुक इथेच थांबते.

(दृश्य: मोबाईलचा पडदा)

ईएसपीमध्ये डब्ल्यूएलईडी हे पिक्सेल चालवणारं मोफत सॉफ्टवेअर क्रोममधून चढवता येतं. पिक्सेलची संख्या 100 भरा आणि रंगांचा क्रम तपासा. लाल निवडल्यावर हिरवा आला तर चूक तिथेच असते. करंटची मर्यादा सुरुवातीला 850 मिलिअँपिअर असते, तारा मिणमिणता दिसतो तो त्यामुळे. इथे ती 6000 केली आहे. ब्राइटनेस 30 टक्के पुरे. त्याहून जास्त म्हणजे समोरच्यांच्या खिडकीत उजेड. विजेचं म्हणाल तर पूर्ण पांढऱ्यावर पाच तासांत 0.15 युनिट, बस.

(दृश्य: सांध्यांवर चढणारी श्रिंक ट्यूब)

नाताळात पाऊस नसला तरी दव आणि खारी हवा असते, तांब्यावर हिरवट गंज चढतो. म्हणून सांध्यांवर आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आकसणारी श्रिंक ट्यूब चढवायची. एखादा पिक्सेल मेला की त्याच्या पुढचे सगळे गप्प होतात. तो कापून नवा जोडायचा, तेव्हा दोन-चार सुटे पिक्सेल जवळ असू द्या.

गाण्यावर नाचवायचा असेल तर संगणकावर एक्सलाइट्स हे सॉफ्टवेअर लागतं. पण आधी हा एक तारा सलग आठवडाभर नीट चालू द्या.