चोरखिसा, लॉकरची चावी आणि मोबाईलचं कव्हर

नमस्कार श्रोतेहो.

तूर आणि चणा विकून झाला, वावरात वखरणी सुरू आहे, आणि आपल्या विदर्भातल्या शाळा जून सरत आल्याशिवाय उघडत नाहीत. मृग लागायच्या आधी घरच्यांना घेऊन कुठं जाऊन यायचं तर हेच दिवस. लेकरांनी मोबाईलवर घसरगुंड्या आणि लाटांचे हौद पाहून ठेवलेले असतात. मग कोणी नागपूरच्या वॉटर पार्कचा बेत करतं, कोणी बल्लारशामार्गे हैदराबादच्या वंडरलाचा नाहीतर रामोजी फिल्म सिटीचा, आणि कोणी थेट खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कचा. दहा-बारा माणसं, आठ-नऊ थैल्या, पाच-सहा मोबाईल. या पसाऱ्यातलं काय कसं जातं आणि ते कसं राखायचं, ते आज बोलू.

वस्तू बहुतेक वेळा एका हातातून दुसऱ्या हातात जाताना जाते. झुल्यावर बसायच्या आधी बाबा पाकीट आईकडे देतात, आई ते मोठ्या पोरीच्या थैलीत टाकते, पोरगी थैली आजीजवळ ठेवते, आणि आजीला कोणी सांगितलेलंच नसतं की आत पाकीट आहे. संध्याकाळी चौघंही म्हणतात, "मला वाटलं तुमच्याजवळ आहे." म्हणून निघायच्या आदल्या रात्री ठरवून टाका: एका वस्तूला एकच मालक. पैसे अमक्याकडे, तिकिटं आणि आधार तमक्याकडे, लॉकरची चावी एकीकडेच. मालक बदलायचा असेल तर वस्तू हातात देऊन, नाव घेऊन, तोंडानं सांगायचं. थैलीत गुपचूप टाकायचं नाही.

आता सोनं. वॉटर पार्कमध्ये साडी किंवा सुती कपडे घालून पाण्यात उतरू देत नाहीत, नायलॉनचा पोशाख लागतो. घसरगुंडीवर गळ्यातलं अडकून इजा होते, म्हणून दागिने उतरवायला सांगतात. उतरवलेलं डोरलं, काळी पोत, कानातलं मग कागदात गुंडाळून कपड्यांच्या थैलीत जातं आणि पुढं त्याची आठवण कोणालाच राहत नाही. उपाय घरीच करा. सोन्याची पोत घरी किंवा बँकेच्या लॉकरात ठेवून एक ग्रॅमचं नकली गळ्यात घाला. सासूबाई कुरकुरतील, कुरकुरू द्या. पण नकली म्हणून बेफिकीर राहू नका. हिसकणाऱ्याला खरं-खोटं लांबून कळत नाही आणि मान सोलून निघते. गाडीत खिडकीजवळ बसलं की पदर किंवा दुपट्टा गळ्याभोवती घ्या.

पैशांसाठी आपल्या आजोबांच्या बंडीला असायचा तो चोरखिसा पुन्हा शिवा. पाचशेची नोट १५० मिलिमीटर लांब आणि ६६ मिलिमीटर रुंद असते. म्हणजे ७ इंच लांब आणि ४ इंच रुंद सुती खिसा पुरतो, नोट न दुमडता बसते. पुरुषांनी तो पँटीच्या आतून, कमरेच्या पुढच्या बाजूला शिवायचा. बायांनी परकराच्या आतून, नाडीच्या खाली चार बोटं. तोंडाला साधं टिचबटण नको, चेन लावा. समजा बारा हजार घेऊन निघालात. दीड हजार वरच्या खर्चाचे छोट्या पाकिटात, बाकीचे दोन चोरखिशांत अर्धे-अर्धे. खिडकीवर तिकीट काढताना गठ्ठा बाहेर येता कामा नये. पैसे कुठून निघाले आणि परत कुठं गेले, हे रांगेत मागं उभ्या असलेल्या माणसाला तेवढ्यातच दिसतं. पँटीच्या मागच्या खिशात पाकीट ठेवू नका, गर्दीत त्या खिशाचा स्पर्श आपल्याला कळत नाही. आणि बाजूला लटकवलेली पर्स कापतात ती खालून, ब्लेडनं. वरची चेन शाबूत, आत काही नाही. म्हणून पर्स पोटासमोर घ्या आणि तळावर एक हात असू द्या.

मोबाईलबद्दल थोडं जास्त बोलावं लागेल, कारण तो गेला तर वीस हजारांच्या डब्याबरोबर बँकेचं खातंही उघडं पडू शकतं. आपल्याकडे एक सवय फार आहे: मोबाईलच्या कव्हरात एटीएम कार्ड, आणि कार्डाच्या मागं चिठ्ठीवर पिन. यूपीआयचा नवा पिन बनवायला कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदतीची तारीख आणि त्या सिमवर येणारा ओटीपी लागतो. काही ठिकाणी एटीएम पिनही मागतात. तुमच्या कव्हरात हे सगळं एकत्र सापडलं तर चोराला वेगळी मेहनत करावी लागत नाही. कार्ड आजच बाहेर काढा, चिठ्ठी फाडा.

यानंतर चार कामं. पहिलं, सिमला पिन लावा. सेटिंगमध्ये सुरक्षेच्या भागात सिम लॉक असतं. नाहीतर फोनला कितीही कुलूप असलं तरी चोर सिम काढून दुसऱ्या हँडसेटमध्ये घालतो आणि तुमचे ओटीपी तिकडे जाऊ लागतात. सिम लॉक पहिल्यांदा लावताना कंपनीनं आधीच ठेवलेला पिन मागतं. तो अंदाजानं टाकू नका, कंपनीला विचारा. तीनदा चुकला की सिम बंद पडतं आणि मग ते उघडायला आठ आकडी पीयूके कोड लागतो. दुसरं, स्क्रीन बंद असतानाही मेसेज वर दिसतात ती सोय बंद करा. तिसरं, यूपीआय लाइट असेल तर त्यात थोडेच पैसे ठेवा, कारण त्यातले छोटे व्यवहार पिनशिवाय होतात. एटीएम कार्ड मशीनला नुसतं टेकवून पैसे द्यायची सोयही बँकेच्या ॲपमधून बंद करता येते. तशी पिनशिवाय पाच हजारांपर्यंतची रक्कम जाऊ शकते. चौथं, डायलवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनची स्वतःची ओळख, दिसेल. दोन सिमच्या फोनला असे दोन आकडे असतात, दोन्ही कागदावर लिहा. त्याच कागदावर बँकेचा आणि सिम कंपनीचा फोन नंबर लिहून तो घरातल्या दुसऱ्या माणसाच्या चोरखिशात ठेवा. हे नंबर फोनमध्येच जपून ठेवले आणि फोनच गेला, तर हातात काही उरत नाही. फोन घेतल्याचं बिलही शोधून ठेवा, पुढं लागेल.

घर सोडताना शेजाऱ्याला आणि गावच्या पोलीस पाटलाला सांगून निघा. स्टेटसवर फोटो टाकायचे ते परत आल्यावर. बारा जणांचं घर चार दिवस बंद आहे, हे स्वतःच कशाला जाहीर करायचं?

प्रवासातली पहिली धोक्याची जागा म्हणजे एसटी स्टँड. गाडी लागताच खिडकीतून रुमाल, दुपट्टा टाकून जागा धरायची आपली रीत आहे. टाका, पण थैली टाकू नका. दारातल्या रेटारेटीत तुम्हाला आत पोचायला दोन-तीन मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ ती थैली अनोळखी हातांसमोर पडलेली असते. चढताना एकानं आधी रिकाम्या हातानं आत जायचं, बाकीच्यांनी सामान घेऊन शेवटी. "दादा, तुमचे पैसे पडले" असं कोणी म्हटलं किंवा अंगावर काही सांडलं, तर खाली वाकायच्या आधी हात सामानावर ठेवा. लक्ष दुसरीकडे वळवायची ही जुनीच युक्ती आहे.

रेल्वेत खालच्या बर्थखाली सामान बांधायला लोखंडी कड्या असतात. साखळी-कुलूप घ्या, पण ते नुसतं बॅगेच्या मुठीत अडकवून भागत नाही. चेनची बॅग साध्या बॉलपेनच्या टोकानं मधूनच उघडता येते, आणि चेनच्या सरकणाऱ्या दांड्या पुन्हा फिरवल्या की ती होती तशी बंदही होते. म्हणून त्या दांड्या एकत्र करून छोट्या कुलपानं मुठीलाच बांधायच्या. मग त्या सरकत नाहीत आणि उघडलेलं लपत नाही. विदर्भ एक्सप्रेसनं कल्याणला उतरून खोपोली लोकल धरणार असाल, तर उतरायच्या अर्धा तास आधी सगळ्यांना उठवा. घाईत उतरताना चार्जिंगला लावलेला मोबाईल राहतो आणि उशाखालचं पाकीटही. डब्यात चोरी झालीच तर रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर फोन करा. टीसी किंवा गाडीतल्या पोलिसांकडे तक्रारीचा छापील फॉर्म मिळतो, त्यासाठी मधेच उतरावं लागत नाही.

आता पार्क. गेटवर झडती होते. बाहेरचं खाणं बहुतेक ठिकाणी नेऊ देत नाहीत, त्यामुळे शिदोरीच्या थैल्या टेबलावर उपसल्या जातात. तिखट पुऱ्या आत न्यायच्या की नाही यावर वाद चालू असतो, आणि ट्रेमध्ये ठेवलेला मोबाईल तिथंच राहतो. एका माणसानं आधी पलीकडे जाऊन ट्रे घ्यायला उभं राहायचं, मग बाकीच्यांनी एकेक करून जायचं.

लॉकर घेताना पैसे वाचवू नका. बारा जणांत दोन तरी घ्या, नाहीतर तासातासाला उघड-झाक होते आणि बाजूचे लोक आत काय आहे ते पाहतात. कपडे, टॉवेल, खाऊ एकात. फोन आणि पैसे दुसऱ्यात, तो दुपारपर्यंत उघडायचाच नाही. सामान ठेवायच्या आधी रिकामं लॉकर बंद करून दार ओढून पाहा. सततच्या ओलाव्यानं कुलपाची जीभ गंजते, चावी फिरते पण जीभ खोबणीत बसत नाही. असं असेल तर दुसरं लॉकर मागा. आकड्यांचं कुलूप असेल तर जन्मसाल टाकू नका, आणि आकडे दाबताना दुसऱ्या हातानं आडोसा करा. सामान ठेवल्यावर बाहेर ठेवलेल्या एका फोनवर आतला फोटो काढा आणि तो फोन आपल्यातल्या चावी सांभाळणाऱ्याकडे द्या. चावी हरवली तर कर्मचारी जास्तीच्या चावीनं उघडून देतात, पण आत काय आहे ते आधी सांगावं लागतं आणि अनामत रक्कम जाते. चावीला रबराचा पट्टा असतो, त्यावर लॉकरचा नंबर. तो मनगटावर आतल्या बाजूनं फिरवा आणि लेकरांच्या हातात देऊ नका. लाटांच्या हौदात त्यांच्या बारीक मनगटातून पट्टा निसटतो. नंबरासकट चावी ज्याला सापडली, त्याला शोधत फिरावं लागत नाही.

लाटांच्या हौदाशी दुसरीही गोष्ट घडते. भोंगा वाजतो, लाटा सुरू होतात, आणि काठावर बसलेले सगळे एकदम पाण्यात धावतात. त्या वेळी काठावरच्या थैल्यांना कोणीच वाली नसतो. आजी बसली आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. मे महिन्याच्या उन्हात जेवणानंतर तिला डुलकी लागणारच, त्यात तिचा काय दोष? पाऊण-पाऊण तासाची पाळी लावा आणि थैल्यांचे बंद एकमेकांत ओवून खुर्चीच्या पायाला बांधा. गळ्यात अडकवायची पाण्याची पन्नी, म्हणजे मोबाईलची पारदर्शक पाकिटं, तिथं विकायला असतात. घेतलीत तर आधी आत कोरडा कागद घालून दहा मिनिटं पाण्यात बुडवा. कागद ओला झाला तर फोन घालू नका.

मोठ्या झुल्यांवर खिशातलं काढून बाजूच्या फळीवर ठेवायला सांगतात. त्या फळीवर पहारा नसतो, आणि बऱ्याच झुल्यांना चढायची वाट एकीकडे, उतरायची दुसरीकडे असते. म्हणून न बसणाऱ्या माणसानं वस्तू घेऊन उतरण्याच्या बाजूला उभं राहायचं. फळीवर ठेवायचंच असेल तर चपला आणि टोप्या. खिशात ठेवलेला फोन उंचावरून पडला तर झुला बंद होईपर्यंत खाली कोणाला जाऊ देत नाहीत.

लेकरू दिसेनासं झालं की सगळे थैल्या टाकून धावतात. आधीच ठरवा: तेव्हाही एक जण सामानाजवळच राहील. चुकलेलं लेकरू तिथंच परत येण्याची शक्यताही असते.

गाडीत सामान ठेवायचं असेल तर पार्किंगला पोचायच्या आधी, वाटेत पेट्रोल पंपावर डिकीत टाका. पार्किंगमध्ये उतरून सगळ्यांसमोर डिकी भरली, तर कुठल्या गाडीत किती आहे हे पाहणाऱ्याला कळतं. लॉजवर आपलं कुलूप लावा आणि आधारची झेरॉक्स मागितली तर आकडे झाकलेली प्रत द्या.

एवढं करूनही फोन गेला तर क्रम असा ठेवा. दुसऱ्या फोनवरून आधी सिम बंद करा, लगेच बँकेला कळवा. खात्यातून पैसे निघाले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या सरकारी मदत क्रमांकावर फोन करा, त्यात एक तासही घालवू नका. तुमची चूक नसताना तिसऱ्यानंच पैसे काढले आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नुकसान तुमच्यावर येत नाही. पिनची चिठ्ठी कार्डाला लावलेली होती, तर मात्र बँकेला कळवेपर्यंत गेलेलं तुमचंच. मग पार्कच्या ऑफिसात जाऊन वेळ, जागा, थैलीचा रंग सांगून कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवायला लेखी अर्ज द्या. जुन्या चित्रणावर काही दिवसांत नवं चढतं.

चोरी झाली असेल तर पोलिसांकडे "चोरी" अशीच नोंद करून घ्या. नुसतं "हरवलं" लिहिलं तर तो गुन्हा म्हणून नोंदला जात नाही आणि पुढचा तपास होत नाही. गाडी सुटते म्हणून थांबता येत नसेल, तर आपल्या तालुक्याच्या ठाण्यातही शून्य नंबरानं, म्हणजे चोरी दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत झाली असली तरी, गुन्हा नोंदवता येतो. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते स्पष्ट आहे. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

चोराच्या हातातला फोन बंद पाडायला केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर सीईआयआर नावाची सोय आहे. तिथं तक्रारीची प्रत, ओळखपत्र, आयएमईआय आणि बिल लागतं, आणि त्याच नंबरवर ओटीपी येतो. म्हणून आधी त्या नंबरचं दुसरं सिम घ्या. नव्या सिमवर पहिले चोवीस तास मेसेज येत नाहीत, तेव्हा दुसऱ्या दिवशी अर्ज भरा. फोन पुढं सापडला तर त्याच पोर्टलवर जाऊन आधी तो मोकळा करावा लागतो, त्याशिवाय त्यात कोणतंही सिम चालत नाही. त्यासाठी अर्जाचा नंबर लागेल, तो आयएमईआयच्या कागदावरच लिहून ठेवा.

नमस्कार.