दरबार हॉलच्या रंगीत काचा

रंगीत काचेची खिडकी बाहेरून पाहिली, तर तिच्यात पाहण्यासारखे फारसे काही नसते. करड्या, धुरकट काचा आणि त्यांना सांधणाऱ्या काळ्या रेघा, एवढेच दिसते. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील दरबार हॉलमध्ये शिरून मान वर केली, की मात्र अशाच काचांतून निळा, तांबडा, पिवळा उजेड आत उतरतो आणि शिवचरित्रातील प्रसंग नजरेसमोर उभे राहतात. पोवाडे ऐकत वाढलेल्या कोल्हापूरकराला ते प्रसंग कोणी समजावून सांगावे लागत नाहीत. म्हणून आज आपण प्रसंगांपेक्षा काचेकडेच थोडे निरखून पाहू.

एखाद्या स्वाराचा तांबडा अंगरखा घ्या. अशी तांबडी काच सहसा आरपार तांबडी नसते, कारण तेवढ्या जाडीचा तांबडा रंग काळपट दिसला असता. साध्या काचेवर तांबड्या काचेचा पातळ थर चढवलेला असतो. निळा रंग कोबाल्टचा. पिवळा मात्र सर्वांहून वेगळा, कारण चांदीचा क्षार काचेवर लावून ती भट्टीत तापवली, की तो रंग काचेच्या अंगातच मुरतो, आणि या काचेच्या ‘स्टेन्ड ग्लास’ या इंग्रजी नावातला, खऱ्या अर्थाने काचेला पडलेला डाग तो हाच. चेहरा, मिशा, वस्त्राच्या चुण्या गडद रंगाने रेखून पुन्हा भट्टीत पक्क्या केल्या जातात.

काळ्या रेघा शिशाच्या पट्ट्यांच्या असतात. काच कापायची म्हणजे तिच्यावर ओरखडा काढून ती त्या रेषेवर मोडायची. त्यामुळे खोल खाचेचा आकार एका तुकड्यात निघत नाही. वाकलेल्या कोपरापाशी किंवा घोड्याच्या मानेपाशी सांधा कुठे घ्यायचा, हे चित्रकाराला कागदावरच ठरवावे लागते. पट्ट्यांना डाख देऊन फटींत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, की खिडकी पावसाळा सोसायला तयार होते. माझ्या मते या कलेचे खरे कसब रंगात नसून या रेघांत आहे.

अष्टकोनी मनोऱ्याच्या या राजवाड्याचे बांधकाम १८७७ ते १८८४ या काळात झाले. त्याचा आराखडा मेजर चार्ल्स मँट या ब्रिटिश लष्करी अभियंत्याचा. कोल्हापूरशी त्याचे नाते त्याआधीचे होते. भाऊसिंगजी रस्त्यावरील टाऊन हॉल त्याचाच, आणि समोरचे आजचे सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयही. युरोपच्या प्रवासात १८७० साली फ्लॉरेन्स येथे ऐन विशीत निधन पावलेल्या कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची आर्नो नदीकाठची स्मारक-छत्रीसुद्धा त्यानेच योजली; ती १८७४ साली उभी राहिली.

नव्या राजवाड्यात मँटने कोरीव कमानी देवळांच्या वळणाच्या घेतल्या आणि खिडक्यांसाठी युरोपातील चर्चची कला निवडली. कागदावर हा मेळ विजोड वाटतो. दोन मजले उंचीच्या त्या दालनात उभे राहिल्यावर तसे वाटत नाही, कारण कोल्हापूरचे दुपारचे ऊन साध्या काचेतून आले असते, तर कमानींवरील नक्षीच डोळ्यांना नीट दिसली नसती.

मँटचे निधन १८८१ साली झाले. आपल्या इमारती कोसळतील या भीतीने त्याने जीव दिला, असे सांगितले जाते. राजवाडा त्यानंतर तीन वर्षांनी पुरा झाला; त्याच वर्षी, १८८४ च्या १७ मार्चला, कागलच्या घाटगे घराण्यातील नऊ वर्षांचे यशवंतराव दत्तक आले आणि शाहू महाराज झाले.