दांडीची सायकल, नवा रंग

पंचवटीतल्या जुन्या वाड्याची गच्ची. कपडे वाळत घालायच्या तारेवर आज सायकलची फ्रेम टांगलीय. पोलादी, दांडीची, चोवीस इंची. भंगारवाल्याने तिला वजनकाट्यावर टाकलं असतं. इथे काका आणि त्यांची नात तिचा रंग काढताहेत.

नातीचे हात पाहा. कॉटर पिन, म्हणजे क्रँक आसावर धरणारी खीळ, निघाली. क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, निघाला. आता बी.बी.चे, म्हणजे क्रँकचा आस फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटचे कप. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, म्हणून काका पाना उलटा फिरवायला सांगताहेत. छर्रे बशीत.

मग घासकाम. गंजावर ८० नंबरचा पॉलिश पेपर, पुढे २२०, शेवटी ४००. पेपर ओला आहे आणि दोघांच्या तोंडाला मास्क आहे. जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगांसाठीसुद्धा दहा लाखात ९० भागांची मर्यादा लागू झाली ती थेट नोव्हेंबर २०१७ मध्ये. त्यामुळे धूळ उडू द्यायची नाही, गाळ मोरीत सोडायचा नाही.

काळ्याखाली हिरवा निघाला. हिरव्याखाली उघडं पोलाद. आणि सांध्यापाशी ही पिवळी रेघ दिसतेय? ते पितळ आहे. नळ्या लगमध्ये, म्हणजे सांध्याच्या पोलादी खोबणीत, बसवून, पितळ वितळवून हे सांधे जोडले. कारखान्यातल्या कुणा कारागिराचं हे काम इतकी वर्षं रंगाखाली झाकलेलं होतं, आणि आजही ते पक्कं आहे. अशी फ्रेम टाकून द्यायची नसते.

ओलं पोलाद लगेच गंज धरतं. म्हणून फडकं, थिनर आणि पुन्हा उघड्या बोटाने स्पर्श नाही. आट्यांवर मास्किंग टेप. नाशिकच्या थंडीत सकाळी रंगाला हात लावायचा नाही. गार स्प्रेच्या डब्यातून रंग थेंबाथेंबाने थुंकतो. ऊन गच्चीवर चढलं की डबा भरपूर हलवायचा, वीतभर अंतर ठेवायचं, फवारा फ्रेमच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवायचा. प्राइमर आणि रंग एकमेकांना चालणारे हवेत, नाहीतर खालचा थर सुरकुततो. रंगाचा प्रत्येक हात पातळ. जाड मारला की ओघळ आलाच.

याच नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये सायकलवर अमेरिका पार करण्याची शर्यत पूर्ण केली. सायकलींवर असं प्रेम करणाऱ्या गावात दांडीच्या सायकली जिन्याखाली गंजतात, मग किलोवर जातात.

आता दांडीवर सोनेरी रेघ. बारीक ब्रश, करंगळीचा टेकू, श्वास रोखलेला. बी.बी.खालचा फ्रेम नंबर काकांनी टेपखाली जपलाय. सायकल चोरीला गेली तर ओळख पटवायला तोच लागतो.

जोडणी उद्या नाही. वरून सुकलेला रंग आत मऊ असतो. आठवडाभर तरी फ्रेम अशीच टांगलेली राहील, आणि साखळीचं कुलूप तिच्यावर त्यानंतरच.