पाटीवरचं लांबचं गाव

पुण्याहून येणारी गाडी तावडे हॉटेलच्या चौकात कोल्हापूर शहरात वळायची चुकली, तर राष्ट्रीय महामार्ग ४८ तिला कागलवरून थेट कोगनोळीला, कर्नाटकात नेऊन सोडतो. पुढं कुठंतरी पुलाखालून वळायचं आणि माघारी यायचं. थोडं डिझेल जातं, बाकी काही बिघडत नाही. हीच चूक आंतरराष्ट्रीय सीमेजवळ झाली, तर खिशात पासपोर्ट नसलेला माणूस परक्या देशाच्या तपासणी नाक्यावर उभा राहतो.

महामार्गाच्या पाटीवर नावं दोन कामांसाठी लिहितात. जवळचं गाव सांगतं कुठं उतरायचं आणि लांबचं मोठं शहर सांगतं रस्ता कुणीकडं चाललाय. लांबचं नाव मधेच बदलायचं नाही, ही त्यातली पहिली शिस्त. एका पाटीवर बंगळूर, पुढच्या पाटीवर हुबळी आणि तिसरीवर नुसतंच निपाणी असं लिहिलं, तर आपला माणूस समजून घेईल. केरळचा ट्रकवाला ब्रेक मारेल.

नावं किती लिहायची, याचं उत्तर वेगात आहे. ताशी १०० किलोमीटरनं गाडी सेकंदाला २८ मीटर जाते. अमेरिकेतल्या हिशेबानं ४० सेंटिमीटर उंचीचं अक्षर साधारण १४५ मीटरवरून वाचता येतं, म्हणजे हातात पाचच सेकंद. त्यातच आरसाही बघायचा, लेनही बदलायची. म्हणून तिथं एका दिशादर्शक पाटीवर दोनपेक्षा जास्त गावं नकोत असा दंडक आहे. आपल्याकडं मराठी आणि इंग्रजी अशा दोन लिप्या लागतात, त्यामुळं पाटी मोठी होते आणि नावं आणखी जपून निवडावी लागतात. त्यावर कुणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आला, की सगळा हिशेब संपला.

आता सीमा. अमेरिकेचा इंटरस्टेट ५, म्हणजे तिकडचा राज्याराज्यांतून जाणारा महामार्ग, हा एकच रस्ता मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत जातो. सिॲटलमधून उत्तरेला निघालात की पाटीवर सीमेवरचं ब्लेन नसतं, पलीकडचं व्हँकुव्हर असतं आणि त्यापुढं ब्रिटिश कोलंबिया प्रांताची ‘बी. सी.’ ही आद्याक्षरं. ती शोभेची नाहीत. याच रस्त्यावर, सिॲटलच्या दक्षिणेला, पोर्टलंडला लागून वॉशिंग्टन राज्यातलं दुसरं व्हँकुव्हर आहे. दोन्ही अडीचशे किलोमीटरच्या आसपास, पण अगदी उलट दिशांना! आद्याक्षरं गाळली, तर पाटी असूनही माणूस चुकेल.

काही ठिकाणी शहराऐवजी देशच लिहितात. डेट्रॉइटमध्ये ‘कॅनडाचा पूल’ अशा अर्थाच्या पाट्या आहेत. पुलाची वाट त्यातून कळते, दिशा कळत नाही. कॅनडा म्हणजे उत्तर, असं डोक्यात पक्कं बसलेलं. आणि डेट्रॉइटच्या मध्यवस्तीतून पलीकडचं विंडसर तर दक्षिणेला! माझं मत स्पष्ट आहे: पलीकडचं शहर आणि त्याला देशाची किंवा प्रांताची खूण, ही जोडी सगळ्यांत चांगली. पाटीवर सीमेवरच्याच गावाचं नाव असलं, की नकाशा तिथंच संपल्यासारखा वाटतो.

पलीकडचं नाव कोणत्या भाषेत लिहायचं, हा वेगळाच त्रास. बेल्जियमच्या डच भाषक भागात फ्रान्समधल्या लीलच्या दिशेला ‘रैसल’ लिहितात. फ्रेंच नकाशा घेऊन निघालेला परका प्रवासी रैसल शोधत बसतो. पाटीवर दोन्ही नावं हवीत.

इंटरस्टेट ५ च्या दक्षिण टोकाला, सॅन इसिद्रोला, ‘अमेरिकेतली शेवटची एक्झिट’, म्हणजे महामार्गावरून उतरायची शेवटची वाट, अशी पाटी आहे. ती चुकली की मेक्सिको. अशी सूचना एकदाच देऊन भागत नाही. मोठे रस्ते पुलांवरून एकमेकांना मिळतात त्या इंटरचेंजसाठी तिकडं दोन मैल, एक मैल आणि अर्धा मैल आधी पाट्या लावतात. शेवटच्या एक्झिटला निदान तेवढं तरी हवंच, शिवाय लेनवर बाण. पाटी नाक्याला खेटून लावली, तर तोवर सगळ्या लेन गाड्यांनी भरलेल्या असतात आणि बाजूला निघायला जागाच उरत नाही.

ॲरिझोनातल्या टूसॉनपासून सीमेवरच्या नोगालेसपर्यंतचा इंटरस्टेट १९ तर मुलखावेगळा. त्याच्या पाट्यांवर अंतरं किलोमीटरमध्ये आणि वेगमर्यादा मैलांत. एक्झिटचे क्रमांकही किलोमीटरवरून. मैल आणायची गोष्ट निघाली तेव्हा रस्त्यालगतच्या व्यावसायिकांनीच विरोध केला, कारण त्यांच्या जाहिरातींत आणि पत्त्यांत ते एक्झिट क्रमांक छापलेले होते.