मॉडेल आधी उत्तर मागते

आपल्या आर्किटेक्टांपैकी बहुतेक जण ऑटोकॅडवर, म्हणजे संगणकावर रेषांनी ड्रॉइंग काढण्याच्या सॉफ्टवेअरवर, वाढलेले आहेत, म्हणून त्यात आणि इमारतीचे मॉडेल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काय फरक आहे, तिथूनच सुरुवात करतो. ऑटोकॅडमध्ये भिंत म्हणजे दोन समांतर रेषा. ती भिंत आहे हे फक्त आपल्याला ठाऊक असते. रेव्हिट किंवा आर्किकॅड या मॉडेल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती जाडी, उंची आणि थरांसह भिंत म्हणूनच नोंदली जाते. म्हणून दार तीन फुटांऐवजी साडेतीन फुटांचे केले, की प्लॅन, एलिव्हेशन आणि दारांची यादी (शेड्यूल) एकाच वेळी बदलते. रात्री अकरा वाजता ड्रॉइंगचा सेट ताडून पाहणाऱ्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. रुग्णालयासारख्या इमारतीत तर एसीची डक्ट बीममध्ये घुसते आहे हे स्लॅब ओतण्याआधी पडद्यावर कळते, आणि कोअर कटिंगची, म्हणजे तयार काँक्रीटला भोक पाडण्याची, वेळ येत नाही.

अडचण वेगळीच आहे. पहिल्या आराखड्यात आर्किटेक्टला फक्त ‘इथे काहीतरी आडोसा हवा’ एवढेच म्हणायचे असते. सॉफ्टवेअर मात्र लगेच विचारते, भिंत कोणत्या प्रकारची? मग घाईत यादीतला पहिला प्रकार निवडला जातो, त्याचे प्लास्टर आणि वीट मोजमापात उतरतात, आणि कोणीही न घेतलेला निर्णय बिनचूक दिसू लागतो. सॉफ्टवेअरमधल्या दारे-खिडक्यांच्या तयार लायब्ररीचेही तसेच. डासांच्या जाळीची तीन ट्रॅकची सरकती खिडकी, भोवती ग्रॅनाइटची चौकट आणि वर छज्जा, ही आपली रोजची वस्तू तिथे सहसा नसते. ती स्वतः बनवावी लागते आणि त्यात दिवस जातो. हे सारे काम सुरुवातीला येऊन पडते, पण फीचे हप्ते अजूनही जुन्याच टप्प्यांनी मिळतात. मॉडेलचा मोठा लाभ ठेकेदाराला आणि मालकाला होतो, राबणूक मात्र आर्किटेक्टच्या ऑफिसची असते; मला हा व्यवहार न्याय्य वाटत नाही.

शिवाय फाइल विक्रेत्याच्या दावणीला बांधलेली राहते. रेव्हिटच्या नव्या आवृत्तीत साठवलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. आयएफसी हा एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात मॉडेल नेण्याचा खुला फाइल-नमुना आहे खरा, पण त्यातून आणलेली भिंत बहुधा पूर्वीसारखी बदलता येत नाही. जुलै २०२० मध्ये झाहा हदीद आर्किटेक्ट्ससह ब्रिटनमधील अनेक नामवंत आर्किटेक्ट संस्थांनी रेव्हिट बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीला खुले पत्र लिहून रेव्हिटचा वाढता खर्च आणि मंदावलेली सुधारणा यांबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली होती. तेव्हा तक्रार केवळ छोट्या ऑफिसांची आहे असे कोणी समजू नये.

म्हणून चार-पाच माणसांच्या ऑफिसला माझे सांगणे असे, की पहिले आराखडे ट्रेसिंग पेपरवरच होऊ द्यावेत, आणि मॉडेल कोणत्या टप्प्यावर किती तपशिलाचे असेल व त्याची फी केव्हा मिळेल, हे करारनाम्यात स्पष्ट लिहून घ्यावे.